मजालस, मजलिस आणि प्रजासभा

उज्जैनमध्ये रेल्वेच्या रुळांच्या एका अंगाला जुने शहर आहे. महाकालेश्वर, बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले गोपाळ मंदिर आणि क्षिप्रेचे घाट तिथेच. एकमेकींत घुसलेल्या गल्ल्याही तिथल्याच. दुसऱ्या अंगाला आखीव रस्ते, चौक, घड्याळाचा मनोरा आणि दुकानांच्या रांगा आहेत. सरकारी कागदावर या भागाला माधवनगर म्हणतात. ते नाव ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांच्यावरून पडले. गावाने मात्र या वस्तीला फ्रीगंज म्हटले आणि तेच चालले. गंज म्हणजे बाजारपेठ. व्यापाऱ्यांनी इथे येऊन राहावे म्हणून करात सवलत दिली होती, म्हणून ती 'फ्री', असे जुनी माणसे सांगतात. इंग्रजी विशेषण, फारसी नाम, माळव्याची जमीन आणि मराठी राजा असा हा मेळ आहे. त्या काळच्या ग्वाल्हेर संस्थानात भाषांची अशी सरमिसळ कुणाला खटकत नसे.

राज्यकारभारातही तेच होते. याच माधवरावांच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात संस्थानात प्रजेचे म्हणणे मांडायला आणि कायद्यांचे मसुदे तपासायला दोन सभा आल्या. एकीचे नाव मजलिस-ए-आम, दुसरीचे मजलिस-ए-कानून. आज 'विधानसभा' म्हटले की जे डोळ्यांपुढे येते, त्याच्या आधीचे हे माळव्यातले रूप. 'मजलिस' हा शब्द मराठी माणसाला तेव्हा नवा नव्हता. 'मजालस' या रूपात तो मराठी दप्तरांत कित्येक पिढ्या वावरत होता, फक्त तिथे त्याचा अर्थ आणि वजन वेगळे होते.

मूळ अरबी धातूचा अर्थ बसणे. मजलिस म्हणजे बसण्याची जागा, आणि ओघानेच तिथे बसलेली मंडळी. याच कुळातला 'इजलास' उत्तरेकडच्या कचेऱ्यांत न्यायाधीशाच्या बैठकीसाठी वापरला जातो. 'जलसा'ही त्यातलाच. मराठीत तो गाण्याचा झाला, मग सत्यशोधकांचा आणि आंबेडकरी शाहिरांचा झाला, आणि शेवटी मुंबईतल्या एका नटाच्या बंगल्यावर जाऊन बसला. संस्कृतने हीच कल्पना 'सद्' या धातूवरून उभी केली. संसद, परिषद आणि सदन हे तिन्ही शब्द बसण्यातूनच निघाले आहेत. लॅटिनमधल्या बसण्यापासून इंग्रजीचे 'सेशन' आले.

सगळ्यांनीच काही बसण्यावर नाव ठेवले नाही. फ्रेंचांचा भर बोलण्यावर, म्हणून 'पार्लमेंट'. रशियनांचा विचार करण्यावर, म्हणून 'ड्यूमा'. जर्मन मुलखातली जुनी राजसभा दिवस ठरवून भरे. लॅटिनमधल्या दिवसावरून तिला 'डाएट' म्हणू लागले, आणि जपानच्या संसदेला इंग्रजीत आजही तेच नाव आहे. आइसलँडची 'आल्थिंग' सन 930 मधली. त्यातला 'थिंग' म्हणजे सभा, आणि इंग्रजीत वस्तूला म्हणतात तो 'थिंग'सुद्धा मुळात हाच शब्द.

आता मराठी मजालशीकडे. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, हद्दीचा किंवा वडीलपणाच्या मानाचा तंटा उभा राहिला की तो मजालशीपुढे जाई. तिथे एका बाजूला दिवाण, म्हणजे सरकारी अंमलदार. दुसऱ्या बाजूला गोत, म्हणजे देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, चौगुला, शेटे, महाजन आणि बलुतेदार. तक्रार करणारा तो अग्रवादी आणि उत्तर देणारा तो पश्चिमवादी. दोघांकडून जामीन घेत आणि निवाडा मान्य करू असे आधीच लिहून घेत. मग दोघांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, होत. एखाद्याला वाटले की या ठिकाणी आपल्याला न्याय मिळणार नाही, तर तो दुसरे 'थळ' मागे. खटला दुसऱ्या गावच्या गोतापुढे नेण्याची ती सोय होती. साक्षीपुराव्याने उलगडा झाला नाही तर दिव्याची पाळी येई. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा आणि मग हात तपासायचा, त्याला रवा म्हणत. इथे त्या व्यवस्थेचे कौतुक आवरते घ्यावे लागते.

निवाडा ज्या कागदावर उतरे तो महजर. हाही शब्द अरबी, आणि आपल्या 'हजर' आणि 'हजेरी'चा सख्खा नातलग. महजराच्या सुरुवातीला हाजिर मजालशीची यादी असते, कोण कोण बसले होते त्याची. इतिहास संशोधक या याद्यांवर तुटून पडतात, कारण गावाचा अख्खा समाज तिथे नावानिशी भेटतो. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांनी आपल्या कामाच्या हत्याराचे चित्र काढून संमती दिली. पाटलाच्या नावापुढे नांगर असतो. वतनदार बाईने सही केली असेल तर 'निशाणी बांगडी' अशी नोंद सापडते. अशा बायका थोड्या होत्या, पण होत्या. हद्दीच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानत, कारण शीव कुठून कुठे जाते हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसे. त्याला बरोबरीने बसवत होते असा मात्र याचा अर्थ नाही.

जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे आणि त्याला सरकारात 'हरकी' भरावी लागे. हरणाऱ्याकडून 'येजितखत', म्हणजे हार मान्य केल्याचा लेख, घेत आणि 'गुन्हेगारी' नावाचा दंड वसूल करत. वि. त्र्यं. गुणे यांनी 1953 साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर जो इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या महजरांच्याच आधारावर उभा आहे.

या मजालशीने कायदा कधी केला नाही. तसा तिचा दावाही नव्हता. कायदा म्हणजे शास्त्र, रूढी आणि जुने कागद. तो आधीपासून आहे, आपण फक्त तो या तंट्याला लावतो, अशी तिची समजूत होती. पण तिचा शब्द बांधील होता. महजर एकदा झाला की दोनदोन पिढ्यांनी तोच कागद पुढे करून हक्क सांगितला जाई, आणि सरकारही सहसा तो मोडत नसे. माधवरावांच्या मजलिशीचे नेमके उलटे होते.

माळव्याला सामूहिक कारभाराची आठवण याहून जुनी आहे. ज्या मालवांवरून या प्रांताला नाव पडले, ते राजाचे नव्हे तर गणाचे लोक. राजस्थानात सापडलेल्या त्यांच्या नाण्यांवर राजाच्या नावाऐवजी 'मालवानां जयः' अशी अक्षरे आढळतात. मंदसोरच्या गुप्तकालीन शिलालेखात संवताचा उल्लेख मालवगणाच्या नावाने येतो. पुढे हाच संवत विक्रमाचा झाला आणि उज्जैनला येऊन चिकटला. गणाचे नाव मागे पडून राजाचे नाव कालगणनेला लागले, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा. वेदांतल्या 'सभा' आणि 'समिती'चा दाखला अशा वेळी हटकून दिला जातो. ते शब्द प्राचीन आहेतच, पण त्यांच्यापासून आजच्या विधानसभेपर्यंत अखंड रेघ ओढण्याचा मोह टाळलेला बरा. मधली कित्येक शतके ती रेघ दिसत नाही.

माधवराव 1886 मध्ये, वयाच्या दहाव्या वर्षी गादीवर आले. राणोजी शिंद्यांचे ठाणे उज्जैनला होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दौलतरावांनी ते ग्वाल्हेरच्या लष्कर भागात हलवले, पण उज्जैन संस्थानातले मोठे शहर राहिलेच. माधवरावांचा कारभार हौशी आणि बारकाव्याचा. दिवाण नेमण्याऐवजी त्यांनी खात्यांची वाटणी करून सदर बोर्ड चालवले आणि सूत्रे स्वतःकडे ठेवली. 1905 पासून 'जयाजी प्रताप' हे हिंदी साप्ताहिक संस्थानातून निघू लागले. घरात मराठी, छापखान्यात हिंदी, कायद्याच्या कागदात फारसी वळणाचे शब्द आणि रेसिडेंटशी इंग्रजी असा भाषांचा संसार होता. त्यामुळे नव्या सभेला 'मजलिस' हे नाव देण्यात कुणाला काही वावगे वाटण्याचे कारण नव्हते.

शिवाय तो शब्द त्या वर्षांत जगभर नव्या तेजाने झळकत होता. 1906 मध्ये इराणात राज्यक्रांतीच्या रेट्याने शहाला संसद मान्य करावी लागली. तिचे नाव मजलिस. 1920 मध्ये अंकाऱ्यात तुर्कांची राष्ट्रसभा भरली. तिच्या तुर्की नावातही हाच शब्द. केंब्रिजमध्ये शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांनी 1891 मध्येच आपल्या वादविवाद मंडळाला मजलिस नाव दिले होते, आणि पुढे जवाहरलाल नेहरू तिथे जात. म्हणजे एका अर्थी हा जुन्या दरबारी वळणाचा शब्द, आणि दुसऱ्या अर्थी थेट क्रांतीचा. राजेरजवाड्यांना असा दुहेरी शब्द सोयीचा पडतो.

'आम' म्हणजे सर्वसाधारण लोक, दिवाण-ए-आममधला तोच. मजलिस-ए-आममध्ये संस्थानातल्या लोकांनी प्रश्न विचारावेत, गाऱ्हाणी मांडावीत, ठराव करावेत. मजलिस-ए-कानूनकडे कायद्यांचे मसुदे यावेत आणि तिने त्यांवर मत द्यावे. एवढे करून झाल्यावर शेवटचा शब्द दरबारचा. सभेने कितीही एकमताने ठराव केला तरी महाराजांनी मंजूर केला तरच त्याला अर्थ. जुन्या मजालशीला कायद्याचे नावही नव्हते, पण तिचा निवाडा बांधील असे. या नव्या मजलिशीच्या नावातच कायदा होता आणि तिचे मत मात्र सल्ल्यापुरते. माधवरावांच्या जयविलास राजवाड्यात जेवणाच्या लांबलचक टेबलावर चांदीची छोटी आगगाडी फिरे, पाहुण्यांपुढे मद्य आणि सिगार घेऊन. ती सगळ्यांच्या समोरून जाई. तिची कळ यजमानाच्या हाताशी असे. मजलिशीचेही तसेच होते.

पण तेवढ्यावरून तिला खेळणे म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होईल. ब्रिटिश हिंदुस्थानातली कौन्सिलेही फार पुढे नव्हती. मुंबईची लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, लोकांच्या तोंडी 'कायदे कौन्सिल', 1862 मध्ये टाउन हॉलमध्ये पहिल्यांदा भरली तेव्हा नाना शंकरशेट तिचे सभासद होते, पण ते निवडून आलेले नव्हते, नेमलेले होते. संस्थानांत म्हैसूर आघाडीवर. तिथे दिवाण रंगाचार्लू यांनी 1881 मध्येच प्रजाप्रतिनिधी सभा बोलावली. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनी 1908 मध्ये 'धारासभा' स्थापली. धारा म्हणजे कायदा. तीही सल्ला देणारीच. साताऱ्याकडच्या छोट्या औंध संस्थानाने मात्र सगळ्यांना मागे टाकले. भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या घटनेप्रमाणे, सत्ता खरोखरच गावच्या पंचायतींकडे सोपवली. दरबाराच्या मंजुरीवर अडलेली सभा आणि दरबारालाच बाजूला सरायला लावणारी सभा यांतला फरक औंधात दिसला. औंध एवढेसे होते म्हणून ते जमले, असे म्हणणारेही तेव्हा कमी नव्हते.

माधवराव 1925 मध्ये पॅरिसमध्ये वारले. वारस जिवाजीराव अज्ञान होते, म्हणून कारभार रीजन्सी कौन्सिलकडे गेला. याच काळातला 'कानून माल, संवत 1983' हा जमीन महसुलाचा कायदा. नाव फारसी आणि साल विक्रमाचे. इसवी सनात बोलायचे तर 1926-27. हा कायदा अजूनही पुरता मेलेला नाही. मध्य प्रदेशातल्या देवळांच्या जमिनींवर पुजाऱ्यांचा हक्क किती, हा वाद 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा ग्वाल्हेर संस्थानाचा हा कायदा पुन्हा वाचला गेला. न्यायमूर्ती हेमंत गुप्ता आणि ए. एस. बोपण्णा यांनी निकाल दिला की जमिनीची मालक देवता आहे, पुजारी फक्त व्यवस्था पाहणारा. महसुलाच्या कागदात मालकीच्या रकान्यात पुजाऱ्याचे नाव असण्याची गरज नाही. देवळांचे गाव असलेल्या उज्जैनला हा निकाल किती जवळचा, ते वेगळे सांगायला नको. कायदा करणारी राजवट जाते, तिची भाषा जाते, पण जमिनीचा कागद मागे उरतो, आणि वकिलांना तो वाचता यावा लागतो.

इकडे संस्थानात लोक फक्त सल्ला देऊन थांबायला तयार नव्हते. ग्वाल्हेर संस्थानातल्या चळवळीने आपल्या संघटनेसाठी 'सार्वजनिक सभा' हे नाव वापरले. 1870 पासून पुण्यात चाललेल्या सार्वजनिक सभेची सावली त्यावर पडलेली दिसते. जबाबदार राज्यपद्धती हवी, म्हणजे मंत्री सभेला उत्तरदायी हवेत, ही मागणी. ती पूर्ण झाली नाही, पण जिवाजीरावांनी 1939 मध्ये सुधारणा जाहीर केल्या आणि संस्थानाच्या कायदेमंडळाची दोन सभागृहे ठरली: प्रजासभा आणि सामंतसभा.

नावे पाहा. फारसी गेली, संस्कृत आली. 'आम' लोकांची 'प्रजा' झाली. वाच्यार्थाने हे पाऊल पुढचे वाटते, पण 'प्रजा' म्हटले की समोर राजा गृहीत धरलेलाच असतो. 'आम' म्हणताना तसे नव्हते. सामंतसभा हे वरिष्ठ सभागृह सरदार-जहागीरदारांना आपले म्हणता येईल असे. ग्वाल्हेरच्या सरदारांत शितोळे, आंग्रे, फाळके, महाडिक ही मराठी घराणी मोठ्या मानाची, त्यामुळे संस्थानातल्या मराठी समाजाचे दोन तुकडे पडलेले दिसत. काही घरे सामंतांच्या बाजूला, आणि वकील, शिक्षक, कारकून अशी बहुसंख्य घरे प्रजेच्या बाजूला. दोघांच्याही स्वयंपाकघरात पुरणपोळीच होत असे, पण राजकारण एक नव्हते.

28 मे 1948 रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि माळव्यातली इतर संस्थाने मिळून मध्य भारत संघ झाला. उद्घाटनाला पंडित नेहरू आले. जिवाजीराव राजप्रमुख झाले, इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. मंत्रिमंडळाच्या प्रमुखाला सुरुवातीला 'पंतप्रधान' म्हणत. लीलाधर जोशी पहिले. प्रजासभा आणि सामंतसभा इतिहासजमा झाल्या. घटना समितीत मध्य भारतातून गेलेल्यांत इंदूरचे विनायक सीताराम सरवटे होते. त्यांचे नाव आज इंदूरच्या बसस्थानकाला आहे, आणि उज्जैनला जाणाऱ्या किती प्रवाशांच्या तोंडी रोज 'सरवटे' येते, त्यांतल्या किती जणांना घटनेवरची त्यांची सही ठाऊक असेल कोण जाणे.

1952 च्या सुरुवातीला मध्य भारताच्या विधानसभेची पहिली निवडणूक झाली. जागा 99. मत द्यायला जमीन, कर, शिक्षण किंवा सरदारकी यांपैकी काही लागत नव्हते. वयाची एकवीस वर्षे पुरी झालेली असली की झाले. महजरावर बांगडीची निशाणी करणारी एखादीच वतनदार बाई जिथे सापडते, तिथे आता फ्रीगंजमधली, गोपाळ मंदिरामागची आणि खेड्यातली प्रत्येक प्रौढ बाई मतदार झाली. 1 नोव्हेंबर 1956 ला मध्य भारत विसर्जित होऊन आजचा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली आणि आमदारांची बैठक मिंटो हॉलमध्ये भरू लागली. 1996 पासून ती चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या विधानभवनात भरते. आज शहराचे दोन मतदारसंघ आहेत, उज्जैन उत्तर आणि उज्जैन दक्षिण. दक्षिणचे आमदार मोहन यादव डिसेंबर 2023 पासून राज्याचे मुख्यमंत्री आहेत.

'मजलिस' हा शब्द कायदेमंडळासाठी इराण, मालदीव, अझरबैजान आणि उझबेकिस्तानात चालू आहे. आखाती देशांत तो घराच्या दिवाणखान्याला लावतात. पाहुणे तिथे बसतात, कॉफी पितात आणि तंटेही मिटवतात. 2015 मध्ये युनेस्कोने त्या प्रथेची सांस्कृतिक वारसा म्हणून नोंद केली. उज्जैनमध्ये तो ऐकायचा तर मोहरमच्या दिवसांत बोहरा वस्तीत, कमरी मार्गाकडे जावे लागते. तिथे मजलिस म्हणजे इमाम हुसेनांच्या स्मरणाची बैठक. मराठी 'मजालस' मोडी कागदांत राहिली आणि 'प्रजासभा' ग्वाल्हेरच्या दप्तरांत. सयाजीरावांच्या बडोद्याने वापरलेला शब्द मात्र बोलीत रुजला: गुजरातेत आमदाराला आजही 'धारासभ्य' म्हणतात.